पाळणाघरातले चार वाजताचे दूध आणि माझ्या मुलीची अ‍ॅलर्जी

राजारामपुरीची आई

नमस्कार. माझी मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची आहे. ती नऊ महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा दहीभात भरवला, तेव्हा दहा मिनिटांच्या आत तिच्या तोंडाभोवती आणि मानेवर गांधी उठल्या, वरचा ओठ सुजला आणि तिला दोनदा उलटी झाली. बालरोगतज्ज्ञांनी त्वचेवरची चाचणी करून दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असल्याचे निदान केले आणि दूध, दही, ताक, तूप, खवा, पनीर हे सारे बंद करायला सांगितले. सकाळी आणि रात्री ती अजून अंगावर पिते. माझ्या खाण्यातल्या दुधाचा तिला त्रास होत नाही, त्यामुळे मला पथ्य नाही. घरी आम्ही हे सगळे नीट सांभाळले आहे.

अडचण सुरू झाली ती मी नोकरीवर परत रुजू झाल्यावर. दोन महिन्यांपासून ती पाळणाघरात जाते. तिथे तेरा मुले आहेत आणि दुपारी चार वाजता सर्वांना एकाच पातेल्यातले दूध आणि बिस्किटे मिळतात. माझ्या मुलीसाठी मी नाचणीची पेज डब्यातून देते. तीन आठवड्यांपूर्वी दुधात साखर ढवळलेला चमचाच तिच्या पेजेत घातला गेला. मला फोन आला तोपर्यंत तिचा ओठ सुजला होता आणि पोटावर लाल चकंदळे उठली होती. सुदैवाने श्वासाचा त्रास झाला नाही. तिथल्या मावशी मुलांना अतिशय जीव लावतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही, पण त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "दूध पाजलंच नाही हो ताई, चमचाच तर होता." त्यांना काय समजावायचे राहून गेले, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

दुसरीकडे घरात सासरे रोज पहाटे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून समोर पिळलेले म्हशीचे दूध आणतात. पिशवीतल्या दुधाने त्रास झाला असेल, धारोष्ण दुधाने होणार नाही, असे त्यांना मनापासून वाटते. दुधावाचून नातीची हाडे कशी भरणार, ही त्यांची काळजी खोटी नाही आणि तीच मलाही आहे. म्हणून विचारते, की या वयात दुधाऐवजी नेमके काय द्यावे, आणि पाळणाघरात रोज नऊ तास ती सुरक्षित राहावी यासाठी तिथल्या माणसांना काय आणि कसे सांगावे?

आहारतज्ज्ञ, ताराबाई पार्क

ताई, मी लहान मुलांच्या आहाराचे काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाविषयी सविस्तर लिहिते. तुमच्या मुलीचा तपास तिच्या डॉक्टरांकडे आहे, तेव्हा कोणताही बदल त्यांना विचारूनच करावा.

आधी आजोबांच्या शंकेविषयी, कारण कोल्हापुरात ती मला प्रत्येक घरात ऐकायला मिळते. त्रास देतात ती दुधातली केसिन आणि व्हे गटातली प्रथिने. म्हशीच्या दुधातली प्रथिने गायीच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की शरीर बहुधा दोन्हींत फरक करत नाही. दूध पिशवीतले असो वा कट्ट्यावरचे, तापवलेले असो वा धारोष्ण, ही प्रथिने त्यात असतातच. शिवाय न तापवलेले दूध लहान मुलांना कोणत्याही कारणाने देऊ नये. बाजारात लॅक्टोज काढलेले दूध मिळते, तेही तुमच्या मुलीसाठी नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे. ती न पचणे हा पोटाचा वेगळा त्रास आहे आणि त्यात गांधी उठत नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत केल्याने झालेले घोटाळे मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम स्पष्ट लिहिले.

आता पर्यायांविषयी. वर्षाच्या आतल्या बाळाला आईचे दूध कमी पडत असेल, तर डॉक्टर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली किंवा थेट अमिनो आम्लांची खास पावडर देतात. तिथे वनस्पतीजन्य पेय चालत नाही. तुमची मुलगी पावणेदोन वर्षांची आहे, अजून अंगावर पिते आणि वरचे अन्न घेते, त्यामुळे तुमच्यासमोर वाट मोकळी आहे. तिला सोयाबीनची अ‍ॅलर्जी नसल्याची खात्री झाली, तर साखर न घातलेले आणि कॅल्शियम मिसळलेले सोयाचे पेय हा सर्वांत जवळचा पर्याय ठरतो, कारण त्यातल्या प्रथिनांचे प्रमाण दुधाच्या आसपास असते. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही. म्हणून पहिला घोट डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि घरी, दिवसा द्यावा. पाळणाघरात कधीच नाही. दुकानात मात्र "सोया मिल्क" असे नाव शोधत बसू नका. वनस्पतीजन्य पेयांना दुधाचे नाव लावायला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे, त्यामुळे खोक्यावर सहसा "सोया ड्रिंक" किंवा "बेव्हरेज" असे लिहिलेले असते. खोक्याच्या मागच्या बाजूला दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे का, ते पाहावे. मिसळलेले कॅल्शियम तळाशी बसते. खोके न हलवता ओतले, तर मुलीच्या पेल्यात वरचे पाणीच जास्त येते आणि तळातला पांढरा गाळ तसाच फेकला जातो. हे मावशींना करून दाखवा.

बदामाच्या आणि नारळाच्या दुधात प्रथिने फारच कमी असतात. पांढऱ्या रश्श्यातून नारळाचे दूध पोटात गेले तर उत्तमच, पण पेला भरून "दूध" म्हणून ते देऊ नये. तांदळापासून बनवलेले पेय पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी देऊ नये, असा ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे, कारण तांदळातून येणारे आर्सेनिक लहान शरीराला जास्त होऊ शकते. घरची भाताची पेज जेवणाचा भाग म्हणून खुशाल द्या.

कॅल्शियमचे गणित आजोबांनाही सांगता येईल असे आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते, म्हणजे ३० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून किंवा लापशीतून शंभराच्या आसपास पोटात जाते. मात्र हे कॅल्शियम मुख्यतः दाण्याच्या सालीत असते. त्यामुळे वस्त्रगाळ करून केलेल्या पांढऱ्याशुभ्र सत्त्वापेक्षा सालीसकट दळलेले काळपट पीठ चांगले. दोन पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर पेयातून ४८० मिलिग्रॅम मिळते, आणि अंगावरचे दूध त्याहून वेगळे. शेवग्याचा पाला, राजगिरा आणि हुलगेही उपयोगी आहेत. तिळात कॅल्शियम भरपूर असते, पण तिळाचीही अ‍ॅलर्जी असू शकते, म्हणून ते आधी घरी थोडेसे देऊन पाहावे. ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांची पूर्तता डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि वजन-उंचीची नोंद तक्त्यावर नियमित ठेवा. तक्त्यावरची रेघ वर चढताना दिसली, की दूध बंद असूनही नात वाढते आहे, हे आजोबांना वेगळे सांगावे लागत नाही.

शिरोळचा शेतकरी

आमच्या भागात लहान पोरांना गायीचे दूध बाधले, तर शेळीचे देतात आणि ते हलके असते असे जुनी माणसे सांगतात. ताईंनी शेळीचे किंवा देशी गायीचे दूध थोडे देऊन पाहायला हरकत नसावी. मी स्वतः दोन देशी गायी पाळल्या आहेत आणि अनुभवाने सांगतो आहे.

आहारतज्ज्ञ, ताराबाई पार्क

दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपया हे कोणी करून पाहू नये. गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक मुलांना शेळीचे दूधही बाधते. देशी गायीच्या दुधात ए-टू प्रकारचे बीटा केसिन असते, एवढाच फरक. ते केसिनच आहे आणि बाकीची प्रथिनेही तीच आहेत. ज्या मुलीला चमच्याला लागलेल्या अंशाने सूज आली, तिला "थोडे देऊन पाहणे" म्हणजे जिवाशी खेळ होईल. सुरक्षित तपासणी रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजलेल्या प्रमाणात करतात.

उचगावची आई

माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. त्यालाही दुधाची आणि शेंगदाण्याची अशा दोन अ‍ॅलर्जी होत्या. दुधाची गेल्या वर्षी गेली, शेंगदाण्याची अजून आहे. पाळणाघर आणि बालवाडी मिळून मी चार वर्षे हे सांभाळले, त्यातून एक गोष्ट कळली. आपण पाळणाघराला पदार्थांची लांब यादी देतो आणि तिथेच चुकतो. यादी वाचून माणसे पदार्थ टाळतात. पण चमचा, फडके, हात आणि शेजारच्या मुलाचा सिपर यांचा यादीत उल्लेख नसतो. तुमच्या मावशींनी यादी तंतोतंत पाळली होती. यादीत दूध होते, चमचा नव्हता.

म्हणून मी यादीऐवजी चार वाजता काय काय घडते ते एक दिवस कोपऱ्यात बसून पाहिले. पातेल्यातून पेले भरले गेले, सांडलेले दूध एका ओल्या फडक्याने पुसले गेले आणि त्याच फडक्याने पुढे सगळ्या मुलांची तोंडे पुसली गेली. मी काही न बोलता ते फडके मावशींच्या हातात ठेवले आणि वास घेऊन पाहा म्हटले. दुधाचा वास येत होता. त्यानंतर मला त्यांना काही समजावावे लागले नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलाची हिरवी ताटली, हिरवा चमचा, हिरवा पेला आणि हिरवे फडके वेगळ्या खुंटीवर आले आणि त्याचे खाणे सर्वांच्या आधी, साडेतीन वाजता होऊ लागले. त्याचे आटोपल्यावरच दुधाचे पातेले बाहेर येई. आणखी एक सांगते. सॅनिटायझर चोळल्याने जंतू मरतात, पण दुधाचा अंश हातावर तसाच राहतो. हात साबण आणि पाण्यानेच धुवावे लागतात.

वाढदिवस आणि प्रसाद हा सगळ्यात अवघड भाग आहे. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेले कोणी पालक पेढे घेऊन येतात आणि प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक ठेवतात. प्रसादाला नाही कसे म्हणायचे, म्हणून मावशी गप्प राहतात. यासाठी मी पाळणाघरात झाकणाच्या डब्यात मुलाचे राजगिऱ्याचे लाडू ठेवले होते. प्रसाद आला की त्याच्या हातावर त्यातला लाडू पडे. त्याला वगळल्यासारखे वाटले नाही आणि देणाऱ्याचाही मान राहिला. सुटी खारी, टोस्ट आणि बेकरीतली बिस्किटे यांवर लेबल नसते, त्यामुळे ती पूर्ण बंद ठेवा. पाकीटबंद वस्तूंवर मात्र २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, गहू अशा घटकांची सूचना छापणे बंधनकारक आहे. मावशींना सगळे इंग्रजी वाचता येत नव्हते. मी "मिल्क", "व्हे" आणि "केसिन" हे तीन शब्द इंग्रजी अक्षरांत मोठे लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले; अक्षरे जुळवून पाहणे त्यांना सहज जमले. तीळ मात्र त्या सक्तीच्या यादीत नाहीत, हे तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या पालकांनी लक्षात ठेवावे.

पाळणाघर चालवते, कसबा बावडा

पालकांनी इतके बारकाईने लिहिलेले वाचून बरे वाटले, म्हणून आमची बाजूही सांगते. एका दिवशी दोघी मावशी असतात, त्यांतली एक रजेवर गेली की बदली बाई येते आणि बहुतेक चुका त्याच दिवशी होतात. त्यामुळे फक्त नेहमीच्या मावशींना तोंडी सांगून भागत नाही. आमच्याकडे अशा प्रत्येक मुलाचा फोटो असलेला एक कागद स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि दुसरा पहिल्या खोलीत लावलेला असतो. त्यावर काय चालत नाही, त्रास झाला तर कसा दिसतो आणि आधी कोणाला फोन करायचा, एवढेच मोठ्या अक्षरांत मराठीत असते, आणि खाली डॉक्टरांची सही असते. सही मी आग्रहाने मागते, कारण काही पालक नुसत्या आवडीनिवडीलाही अ‍ॅलर्जी म्हणतात, आणि मग खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाकडेही माणसे सैलपणे पाहू लागतात.

आम्ही गेल्या पावसाळ्यापासून चार वाजताचे दूध सर्वांसाठीच बंद केले आहे. मुले दूध घरी पितात. आमच्याकडे त्या वेळी केळे, उकडलेले रताळे किंवा पोह्यांचा चिवडा असतो. एकाही पालकाने तक्रार केली नाही. तुमच्या पाळणाघराशी या पर्यायाविषयी नम्रपणे बोलून पाहा. तेरा मुलांच्या पाळणाघरात हे अशक्य नाही. त्यांना पटले नाही, तर निदान तिची जागा ठरलेली असावी आणि तिथून दूध पिणारे मूल हाताच्या अंतरावर नसावे.

रंकाळ्याकाठचा बाबा

वरच्या सर्वांनी टाळण्याविषयी लिहिले आहे. मी टाळूनही त्रास झालाच तर काय करायचे, याविषयी लिहितो, कारण आमच्या मुलाला दीड वर्षाचा असताना तीव्र प्रतिक्रिया आली होती आणि तेव्हा घरातल्या आम्हा दोघांनाही काय करावे ते माहीत नव्हते.

ओठ सुजणे आणि गांधी उठणे एवढ्यावर थांबले, तर डॉक्टरांनी लिहून दिलेले अ‍ॅलर्जीचे औषध देऊन लक्ष ठेवतात. पण आवाज बसणे, सारखा खोकला, छातीतून सूं-सूं आवाज, पुन्हा पुन्हा उलट्या, किंवा मूल एकाएकी फिकट आणि मलूल होणे, यांपैकी काही दिसले की ती आणीबाणी समजायची. आमचा मुलगा रडतही नव्हता. तो माझ्या खांद्यावर मान टाकून गप्प झाला आणि आम्हाला वाटले की त्याला झोप येते आहे. त्या गप्प होण्याला आम्ही ओळखले नाही, म्हणून हे प्रत्येकाला सांगतो. दर वेळी अंगावर गांधी उठतीलच असेही नाही.

अशा वेळी उपयोगाचे औषध एकच, ते म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन. तोंडाने द्यायचे अ‍ॅलर्जीचे औषध त्याची जागा घेऊ शकत नाही. परदेशात मिळणारे पेनासारखे तयार इंजेक्शन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे काही डॉक्टर औषधाची कुपी आणि सिरिंज देऊन, मुलाच्या वजनानुसार डोस लिहून, पालकांना ते टोचायला शिकवतात. तुमच्या मुलीला त्याची गरज आहे का, आणि पाळणाघरात ते कोणी द्यायचे, हे तिच्या डॉक्टरांना नेमके विचारा. चमच्याला लागलेल्या अंशाने सूज आली आहे, तेव्हा हा प्रश्न पुढच्या तपासणीपर्यंत लांबवू नका. मुलाला आडवे झोपवून पाय थोडे वर ठेवायचे, श्वास लागत असेल तर बसते धरायचे, पण उभे करायचे नाही, आणि १०८ ला फोन करायचा. थोड्या वेळाने बरे वाटले तरी रुग्णालयात न्यायचेच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

पाळणाघरापासून जवळचे चोवीस तास चालणारे रुग्णालय कोणते आणि तिथपर्यंतचा रस्ता कोणता, हे आधीच ठरवून ठेवा. आम्ही सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय ठरवले होते, पण नवरात्रात अंबाबाईच्या देवळाच्या परिसरातली वाहतूक वळवलेली असते, हे त्या दिवसांत गाडी अडकल्यावर ध्यानात आले. आता दुसरे रुग्णालयही कागदावर लिहिले आहे.

राजारामपुरीची आई

आपण सर्वांनी वेळ काढून इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. शनिवारी मी पाळणाघरात जाऊन चार वाजताचा तो एक तास बसून पाहिला. फडके आमच्याकडेही एकच होते. त्याशिवाय मुलांच्या उंचीचे एक लांब बाक आहे, त्यावर सांडलेले दूध वाळून पांढरा थर बसला होता आणि माझी मुलगी तिथेच हात टेकून उभी राहते. हे मला तिथे बसून पाहिल्याशिवाय सुचले नसते. बाक साबणाने धुतले, पिवळा चमचा, पिवळी ताटली आणि पिवळे फडके नेऊन दिले आणि तिची खाण्याची वेळ अर्धा तास आधी घेतली. चार वाजताच्या दुधाऐवजी फळ देण्याविषयी संचालिका बाकीच्या पालकांशी बोलणार आहेत.

डॉक्टरांची मंगळवारची वेळ मिळाली आहे. अ‍ॅड्रेनलिनविषयी आणि सोयाच्या पेयाविषयी तेव्हाच विचारते. आहारतज्ज्ञ ताईंना एक प्रश्न: बहुतेक मुलांची दुधाची अ‍ॅलर्जी मोठेपणी जाते असे ऐकले आहे, तर ती गेली हे आम्हाला कसे कळणार?

आहारतज्ज्ञ, ताराबाई पार्क

हो, शाळेच्या वयापर्यंत बहुतेक मुलांची जाते. पण घरी करून पाहू नका. डॉक्टर ठरावीक काळाने चाचणी पुन्हा करतात आणि आकडे उतरताना दिसले, की रुग्णालयात आधी भरपूर भाजलेल्या पदार्थातले थोडे दूध देऊन पाहतात, कारण जास्त उष्णतेने त्यातली काही प्रथिने बदलतात आणि अनेक मुलांना ती आधी सोसू लागतात. तोवर मागच्या प्रत्येक त्रासाची तारीख, काय खाल्ले होते, किती वेळात आणि काय झाले, हे एका वहीत लिहून ठेवा आणि त्या चमच्याच्या दिवसाची नोंद पहिल्या पानावर करा. मंगळवारी ती वही सोबत न्या आणि शक्य असेल तर आजोबांनाही.